शेंदरी टाकीचं पाणी

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गल्लीत कोणी मिक्सर लावत नाही. दहाला बडोद्याहून वंदनाताईचा फोन येतो, तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या शेजारच्या बाबाराव काकाजींना. काकाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. फोन स्पीकरवर, आवाज पुरता चढवलेला, आणि तरी तो कानाला चिकटवलेला. भिलाईच्या कॅम्प-१ मधली आमची गल्ली अशी की समोरच्या दारात हात लांब करून भाजीची वाटी देता येते. त्यामुळे वंदनाताईची कामवाली सोडून गेली, जावयाची बदली अडली, नीतूचा दात हलतोय, हे सगळं समोरच्या गिरजाबाईपासून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. कळायचं नाही ते एकट्या काकाजींना.

आपले वडील ऐकू शकत नाहीत हे वंदनाताईला दोन वर्षं माहीत नव्हतं. कारण फोन उचलला की काकाजी थांबायचेच नाहीत. "हां बाई, मी बरा आहो. जेवण झालं, मुंगाची डाळ अन् पोळी. ऊन लय तपून राहिलं. पावर हाउसच्या बजारात कारले भेटले नाई, म्हून दोडके आणले. सुखरामचा गुडघा तसाच हाये. हो. हो हो. बरं मग, नीतूले पापा दे, ठेवतो." हे 'हो हो' ते अंदाजाने टाकायचे, स्वयंपाकात मीठ टाकावं तसं, आणि बहुतेक वेळा बरोबर जागी पडायचं. एकदाच चुकलं. वंदनाताई म्हणाली, "बाबूजी, मी पायरीवरून पडली, पाय मुरगळला." काकाजी म्हणाले, "हो हो, चांगलं हाये." पलीकडून हसणं आलं. "तुम्ही पण ना बाबूजी." इकडे गिरजाबाईने तोंडात पदर कोंबला होता.

हसणारे आम्ही सगळेच होतो. मी तर जास्तच. काकाजींचा तो फोनवरचा आवाज, सुरुवातीला खणखणीत आणि 'ठेवतो'पर्यंत येता येता खोल गेलेला, मी हुबेहूब काढते. नकला करता करताच मला एक गोष्ट कळली होती. गल्लीतल्यांच्या नकला मी काकाजींसमोरच करायचे. सुखरामकाकांचा ढोलासारखा आवाज काढला की काकाजी खुर्चीवर मागे रेलून हसायचे. गिरजाबाईचा बारीक, शिट्टीसारखा आवाज काढला की माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांच्या कानातून वरचे आवाज आधी गेले होते. कुकरची शिट्टी, पोरांचं ओरडणं, बायकांचं बोलणं. खालचे अजून होते. ट्रक, म्हैस, सुखरामकाका.

आणि हा माणूस आयुष्यभर कानावर जगलेला.

काकाजी साकोलीकडचे. धानाची शेती भावांवर सोडून विशीत भिलाईला आले आणि पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये लागले. प्लांटच्या आत मालगाड्यांचं वेगळंच जाळं आहे. त्या वॅगनची चाकं तपासायची हे त्यांचं काम. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालायचं, एकेका चाकावर ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं लांब वाजतं. तडा गेलेलं ठप करून गप्प होतं. चौतीस वर्षं ते हेच ऐकत होते. दरवर्षी कानांची तपासणी व्हायची आणि दरवर्षी कार्डावर 'नॉर्मल'चा शिक्का पडायचा. ती सगळी कार्डं त्यांनी प्लास्टिकच्या फाइलीत लावून ठेवली आहेत. रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टर २ मधलं क्वार्टर सुटलं तेव्हा कपाट विकलं, पलंग विकला, ती फाइल मात्र स्वतःच्या मांडीवर घेऊन ते कॅम्पात आले.

कॅम्पातल्या घरी नळ सकाळी तासभर येतो, म्हणून टाकी हवी. सगळ्यांनी सांगितलं, काळी प्लास्टिकची घ्या. काकाजींना तो अपमान वाटला. "लोखंडाच्या गावात राहून प्लास्टिकमधलं पाणी पिऊ का गा? लोकं थुंकतीन." त्यांनी पत्रा आणला, सुखरामकाकांनी वेल्डिंग केलं. सुखरामकाका प्लांटमधलेच वेल्डर, कामाला लागले तेव्हापासूनचे दोस्त. अशी चौकोनी टाकी बसली की चार माणसं वर नाचली तरी हलणार नाही. आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून आतून पेंट. तोही साधा नाही. पुलाच्या गर्डरला, वॅगनच्या खालच्या अंगाला लावतात तो शेंदरी रंगाचा जाड पेंट. हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी नसलेल्या डब्यात सुटा मिळायचा. दरवर्षी विश्वकर्मा पूजेला आम्ही सगळे आपापल्या गाड्या, शिलाई मशीन, पान्हे धुऊन पूजतो. काकाजी त्या दिवशी टाकी रिकामी करायचे, आत उतरायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि नवा हात मारायचे. दोन दिवस वाळवायचे. मग हार, नारळ, अगरबत्ती. झाकण उघडलं की आत असा उजेड दिसायचा की देव्हाऱ्यात डोकावल्यासारखं वाटायचं. पाणी थोडं गोडसर लागायचं. काकाजी ते पाहुण्यांना कौतुकाने द्यायचे.

पाचेक वर्षांनी काकाजींच्या पत्नी, ताराकाकू गेल्या. बी.पी., मग किडनी. त्यानंतर काकाजींचे कान हळूहळू गेले. कोणालाच त्यात काही नवल वाटलं नाही. भिलाईत म्हातारा माणूस बहिरा झाला की दोनच शब्द बोलतात, 'प्लांटचे कान', आणि विषय संपतो. काकाजीही तेच म्हणायचे, जरा ऐटीतच. पोटात मुरडा यायचा तो म्हातारपणाचा. हातातून पेला निसटायचा तोही म्हातारपणाचा.

गेल्या उन्हाळ्यात नीतू आली होती, दीड महिना; जावई सोडून गेले होते, घाईघाईत. वंदनाताईची पोरगी, पाच वर्षांची, चिमणीसारखी बोलणारी. ती काकाजींच्या मांडीवर बसून दिवसभर काही ना काही सांगायची आणि काकाजी तिचे ओठ हलताना बघत हसायचे. जायच्या दिवशी ती माझ्या आईला म्हणाली, "आजोबा ना, माझं काहीच ऐकत नाहीत. फक्त हसतात." काकाजी बाजूलाच उभे होते, हसत.

या मार्चमध्ये एका रविवारी वंदनाताई म्हणाली, "बाबूजी, मे महिन्यात नीतूले तुमच्याकडेच ठेवते. मले ट्रेनिंग हाये, पुरे दोन महिने. जमन ना?" काकाजी म्हणाले, "हो हो, अन् सुखरामचा गुडघा तसाच हाये." फोन ठेवला, तर समोर गल्ली उभी. गिरजाबाई दोन्ही हातांनी वेणी घालून दाखवत होती, सायकलवाला कमरेएवढी उंची दाखवत होता. शेवटी आईने वर्तमानपत्राच्या कडेवर लिहिलं, 'नीतू येते. मे. दोन महिने.' काकाजींनी ते वाचलं, कागदाची तेवढीच पट्टी फाडली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोन कामं काढली. पहिलं, टाकी. विश्वकर्मा पूजेला सहा महिने होते, पण लेकरू येतंय तर जुन्या रंगात पाणी कसं द्यायचं. या वेळी एक नाही, दोन हात मारले. दुसरं काम त्यांनी आईला सांगितलं, खालच्या आवाजात, म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याच.

"वहिनी, मले कानाची मशीन घ्याची हाये. या बारीले पोरगी काय बोलते थे ऐकीन."

"आता आठवलं होय भाऊजी," आई ओरडली. "दोन वर्षं आमचे गळे फाडले."

"काय म्हणता?"

"चला म्हणते."

कानाच्या डॉक्टर मॅडम हिंदी बोलायच्या. त्या सावकाश चार वाक्यं सांगायच्या आणि आई त्याचं एका वाक्यात मराठी करून काकाजींच्या उजव्या कानात ओरडायची. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावत होते. तपासणी झाली, कागदावर रेघ आली, डावीकडून बरी चाललेली आणि मग घसरगुंडीसारखी खाली. आईने न विचारताच सांगून टाकलं, "प्लांट में थे, मॅडम. प्लांट के कान हैं."

काकाजींनी फाइल पुढे केली. मॅडमनी एकेक कार्ड उलटलं. शेवटचं रिटायरमेंटचं, नॉर्मल. त्या म्हणाल्या, प्लांटच्या आवाजाने गेले असते तर प्लांटमध्ये असतानाच जायला लागले असते. घरी बसल्यावर एवढे नाही. वयाने थोडे जातात, पण हे वयापेक्षा जास्त आहे. मग विचारत गेल्या. टी.बी.ची इंजेक्शनं घेतली? नाही. हातापायांना मुंग्या? हो. पोटात मुरडा? हो. पाणी कुठलं?

"पाणी कुठलं पिता," आई ओरडली.

काकाजींचा चेहरा खुलला. त्यांनी टाकीचं सगळं सांगितलं. पत्रा कोणता, वेल्डिंग कोणाचं, आतून पेंट कोणता, दरवर्षी कसा लावतो, आणि आत्ता नातीसाठी दोन हात कसे मारले. मॅडमचं पेन मध्येच थांबलं होतं. त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं आणि बाटलीत टाकीचं पाणी आणायला सांगितलं.

आठ दिवसांनी दोन्ही रिपोर्ट आले. त्या शेंदरी पेंटमध्ये शिसं असतं, म्हणूनच त्याला गंज शिवत नाही. ते पाण्यात उतरत होतं आणि दहा वर्षं काकाजींच्या पोटात जात होतं. मॅडम म्हणाल्या, शिसं नसांना खातं, कानाची नस त्यातलीच. सगळं पाण्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण रक्तात एवढं शिसं असताना पाण्याला सोडूनही देणार नाही. गेलेलं ऐकणं बहुतेक परत येत नाही. टाकी आजच बंद करा.

आईने कानात ओरडून सांगितलं, "टाकीच्या पेंटमध्ये जहर हाये भाऊजी. कान त्याच्यानं गेले."

काकाजींनी रिपोर्ट उलटून बघितला. मग विचारलं, "ताराले?"

मॅडमना ते न सांगताच कळलं. त्यांनी हळूच मान हलवली. आता ते कोणालाच सांगता येणार नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "किसी बच्चे ने पिया है ये पानी?"

आई ओरडली नाही. काकाजी तिच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतात?" आईने फाइलच्या पाठीवर लिहिलं, 'नीतू.'

मॅडमचं शेवटचं सांगणं आईने घरी येऊन सगळं लिहून दिलं, कारण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. लहान मुलांना हे जास्त लागतं. कानांना, डोक्यालाही. दीड महिनाच प्यायली असेल तर कदाचित फार नसेल, पण रक्त आणि कान तपासले पाहिजेत. आई-वडिलांना कळवा.

संध्याकाळी सुखरामकाका गॅस कटर घेऊन आले आणि स्वतःच जोडलेली टाकी त्यांनी स्वतःच कापली. शेंदरी पापुद्रे उडू नयेत म्हणून आधी पत्रे ओले केले होते, आम्हा पोरांना गल्लीच्या टोकाला पाठवलं होतं. तरी सुखरामकाकांचा आवाज तिथपर्यंत येत होताच. गल्लीत काकाजींना ऐकू जाईल असा तेवढा एकच आवाज उरला होता.

"टंकी त हट गे, बाबाराव. अब काबर बताबे? नोनी डर्रा जाही. लइका ला नइ भेजय."

"हं," काकाजी म्हणाले.

"नवा टंकी लगा. लइका आही, दू महीना खेलही, साफ पानी पीही. कोन जानथे?"

वंदनाला सांगू नको, घाबरेल, नातीला पाठवणार नाही; नव्या टाकीचं साफ पाणी पिईल, कोणाला कळतंय, असं सुखरामकाका त्यांच्या छत्तीसगढीत समजावत होते. काकाजी तुकडे उचलून पोत्यात भरत राहिले.

काळी प्लास्टिकची टाकी दोन दिवसांत बसली. मशीनही आली, उजव्या कानाला. घरी आल्यावर काकाजी दोन तास नुसते पंख्याखाली बसले, पंखा एवढा आवाज करतो हे त्यांना आठवत नव्हतं. ताट ठेवलं की दचकायचे. गिरजाबाई बोलली तर म्हणायचे, आवाज येते पण शब्द नाई येत. फोनवर तर नुसती खरखर. मॅडम म्हणाल्या होत्या, सवय व्हायला महिने लागतील, आणि सगळ्यात शेवटी येतील ते बारीक आवाज.

रविवार आला. आम्ही सगळे आपापल्या दारात, उगीच काहीतरी निवडत बसलेले. काकाजींनी फोन उचलला. "हां बाई, मी बरा आहो. मुंगाची डाळ केली." वंदनाताई म्हणाली, "बाबूजी, तिकीट झालं. तीन मेचं. नीतू आतापासून बॅग भरून राहिली." काकाजी म्हणाले, "हो हो. दोडके आणले." आणि ठेवून दिला. काय म्हणाली, हे विचारायला त्यांनी आईकडे बघितलं नाही. आईनेही त्या दिवशी कागद घेतला नाही. गिरजाबाई मला म्हणाली, "नाई सांगितलं ना बुढ्यानं. म्या तं म्हटलंच होतं." पण तिच्याही आवाजात नेहमीची शिट्टी नव्हती.

त्या आठवड्यात काकाजी कोणाच्या ओट्यावर बसले नाहीत. सुखरामकाका दोनदा येऊन दार वाजवून गेले. आईने डबा दिला तर डबा धुऊन परत आला, माणूस नाही. एकदा मी आतून त्यांचा आवाज ऐकला. मला वाटलं फोन आला. नव्हता. ते एकटेच बोलत होते, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, कधी मधूनच थांबत, कधी सुरुवातीपासून. भिंतीतून शब्द कळले नाहीत.

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला. काकाजींनी स्पीकर बंद करायचा प्रयत्न केला, जमला नाही, तसाच कानाला लावला.

"बाई, मी बोलतो. तू आयक. मले ऐकू येत नाई. दोन वर्षं झाली. तू काय सांगते, मले काहीच समजत नव्हतं. मी उगाच हो हो म्हणत होतो."

काकाजी खुर्चीत पुढे सरकले.

"मले वाटे तुले समजलं तं तू मले तिकडे नेशीन, नाई तं फोन करनंच सोडशीन. म्हून नाई सांगितलं. पण आता दुसरं सांगाचं हाये. आपल्या टाकीतल्या पेंटमध्ये शिसं होतं. मीच लावला. कान त्याच्यानं गेले म्हणते डॉक्टर. अन् पोरगी गेल्या साली तेच पाणी पेली, दीड महिना. तिचं रक्त तपास. कान तपास. लवकर तपास, बाई. टाकी कापली, नवीन बसवली. पण आधी तपास. अन् तुले नसन पाठवाचं तं नको पाठवू."

आणि काकाजी थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वंदनाताईला बोलायला जागा ठेवली. फोन कानावर दाबून ते समोर बघत होते, चाकावर ठोका मारून वाट बघावी तसे.

वंदनाताई बोलली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"दोन वर्षं मी कोणाशी बोलून राहिली होती, बाबूजी?" मग, "तिचं पोट दुखत होतं गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही म्हटलं, आंबे लय खाल्ले." मागून नीतूचा आवाज आला, मी बोलू, मी बोलू. वंदनाताई तिला म्हणाली, "नको. आजोबाले ऐकू येत नाई." आणि फोन कटला.

काकाजी तसेच बसून होते, फोन कानाला. त्यांना वाटत होतं ती अजून बोलतेय. कोणी जागचं हललं नाही. शेवटी आई उठली, त्यांच्या हातातून फोन घेतला, खाली ठेवला.

"काय म्हणाली, वहिनी?"

माझी आई खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज अर्धा सूर वर जातो. काकाजींना ते कळायचं कारण नव्हतं. "विचार करून फोन करते म्हणाली."

काकाजींनी तिच्या ओठांकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

पुढचे तीन रविवार दहा वाजता फोन आला नाही. काकाजी ओट्यावर बसायचे, साडेदहाला उठायचे. मिक्सर कोणी लावला नाही. तीन मे आली आणि गेली. स्टेशनवर कोणी गेलं नाही. त्या दिवशी सुखरामकाका येऊन बसले. गल्लीतला ऐकू येणारा एकुलता एक आवाज, तोही गप्प.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मेसेज आला. मी आईने पाठवलेलं ताक घेऊन गेले होते. काकाजी चष्मा लावून वाचत होते, ओठ हलवत, एकेक शब्द जोडून. मग फोन माझ्याकडे दिला, मी काही मागितलं नसताना. वंदनाताईने लिहिलं होतं, 'नीतूचे रिपोर्ट आले. रक्तात थोडं जास्त आहे, हळूहळू उतरेल म्हणाले. तीन महिन्यांनी परत तपासणार. कान चांगले आहेत. यंदा येत नाही.'

मी फोन परत केला. त्यांनी पुन्हा वाचलं. पेला दोन्ही हातांनी धरून थोडं ताक प्यायले.

"कान चांगले हायेत पोरीचे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, तेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात. गिरजाबाईच्या दारापर्यंत गेलं असेल. मी हो म्हटलं, मान हलवून, त्यांना दिसेल अशी.